काम म्हणजे व्यायाम नव्हे

व्यायामाचा विषय निघाला की आपल्या जिल्ह्यात दोन उत्तरे हमखास ऐकायला मिळतात. शेतात राबणारा माणूस आणि घर सांभाळणारी बाई म्हणते, 'दिवसभर राबतोच आहे, आणखी व्यायाम कशाला?' दुकानदार, शिक्षक, कचेरीतील कर्मचारी म्हणतात, 'इच्छा पुष्कळ आहे हो, पण वेळ कुठे मिळतो?' पहिल्यांना वाटते, आपला व्यायाम होऊन गेला. दुसऱ्यांना वाटते, तो या जन्मी होणे नाही. गंमत अशी की संध्याकाळी हे दोघेही एकाच जागी हात ठेवून उठतात. ती जागा म्हणजे कंबर.

आधी राबणाऱ्यांचे पाहू. सोयाबीनच्या सोंगणीत बाई सकाळपासून कंबरेत वाकलेली असते. कपाशी वेचताना कमरेला बांधलेली ओटी भरत जाते आणि तिचे सगळे वजन पुढे ओढत राहते. फवारणीचा पंप पाठीवर घेतलेला गडी पंधरा-सोळा लिटरचे ओझे घेऊन ओल्या रानात तास न् तास फिरतो. या कष्टांना कोणी कमी लेखू नये. पण शरीराच्या दृष्टीने पाहिले तर हे सारे काम एकाच दिशेचे आहे. वाकणे पुढे, ओढ पुढे, आणि तेच ते स्नायू शंभर वेळा, हजार वेळा. मागे वाकायला, छाती उघडायला, श्वास नीट सोडायला त्यात जागा नाही. थकल्यावर थांबण्याची मुभाही नाही, कारण मजुरी एकराच्या किंवा किलोच्या हिशेबाने असते. व्यायामात याच्या उलट असते. तिथे थोडे करायचे, नीट करायचे, सर्व बाजूंनी करायचे आणि मग थांबायचे.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. डेन्मार्कमध्ये कोपनहेगन शहर व परिसरातील एक लाखाहून अधिक लोकांची पाहणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. फावल्या वेळात अंग हलवणाऱ्यांना हृदयविकार कमी आढळला. पण कामातच जड अंगमेहनत करणाऱ्यांना तो लाभ मिळाला नाही, उलट त्यांचा धोका वाढलेला दिसला. गरिबी, झोप, आहार या गोष्टीही त्यात मिसळलेल्या असणार, हे मान्यच. तरीही 'राबतो म्हणजे व्यायाम झाला' या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही, एवढे खरे.

आता बसणाऱ्यांकडे वळू. खामगावच्या बाजारपेठेत गादीवर बसलेला व्यापारी, बँकेतील रोखपाल, संगणकापुढचा लिपिक, चिखलीहून किंवा बुलडाण्याहून रोज खेड्यातल्या शाळेत मोटारसायकलने अपडाऊन करणारे गुरुजी. राजूर घाटातील वळणे आणि त्यापुढील खड्डे पाठीला काय सांगतात ते त्यांनाच विचारावे. बसून बसून मांडीच्या वरचे, जांघेतले स्नायू आखडतात, कुल्ल्याचे स्नायू सैल पडतात, पोट पुढे येते, आणि पाठीचा कणा हे सगळे एकट्याने पेलत राहतो. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली आलेल्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ, म्हणजे ४९.४ टक्के लोक, पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. सन २००० मध्ये हे प्रमाण २२.३ टक्के होते. पुरुषांत हा आकडा ४२ आणि स्त्रियांत ५७ टक्क्यांच्या घरात आहे. बावीस वर्षांत दुप्पट!

या पार्श्वभूमीवर 'पिलाटेस' नावाच्या व्यायामाचा विचार करावा, असे मी सुचवतो. हे नाव आपल्यापैकी अनेकांनी मुंबई-पुण्याच्या रंगीत पुरवण्यांत वाचले असेल. एखादी नटी स्प्रिंगा लावलेल्या, सरकत्या पाट्यांच्या यंत्रावर आडवी होऊन पाय ताणते आहे, असे छायाचित्र असते आणि खाली तिच्या सडपातळ बांध्याचे वर्णन. आपण पान उलटतो. हा श्रीमंतांचा चोचला आहे, असे मनाशी म्हणतो. माझ्या मते इथेच आपण फसतो, कारण या पद्धतीचा मूळ गाभा त्या यंत्रात नाहीच. तो सतरंजीवर आहे.

या पद्धतीचा जनक जोसेफ पिलाटेस १८८३ साली जर्मनीत जन्मला. लहानपणी हा मुलगा दम्याने व मुडदुसाने खंगलेला होता, असे सांगतात. स्वतःचे शरीर सुधारण्यासाठी त्याने कसरत, मुष्टियुद्ध, योग अशा अनेक विद्यांचा अभ्यास केला. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा तो इंग्लंडमध्ये होता. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला आयल ऑफ मॅन बेटावरील छावणीत डांबण्यात आले. तिथे तो सोबतच्या कैद्यांकडून व्यायाम करवून घेई. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी त्याने पलंगाच्या स्प्रिंगा काढून त्यांची साधने बनवली, अशी कथा प्रचलित आहे आणि आजची ती महागडी यंत्रे याच कल्पनेची वंशज मानली जातात. पुढे तो न्यूयॉर्कला गेला. पत्नी क्लारा हिच्यासह त्याने तिथे व्यायामशाळा चालवली आणि दुखापत झालेले नर्तक-नर्तकी त्याच्याकडे येऊ लागले. त्याने स्वतः या पद्धतीला 'कंट्रॉलॉजी', म्हणजे नियंत्रणाची विद्या, असे नाव दिले होते. १९४५ साली त्याने लिहिलेल्या पुस्तकात ३४ व्यायाम आहेत आणि ते सारे जमिनीवर, चटईवर करायचे आहेत. १९६७ साली तो वारला. २००० साली अमेरिकेतील न्यायालयाने 'पिलाटेस' हे नाव कोणा एकाच्या मालकीचे नाही, असा निकाल दिला. त्यामुळे आज कोणीही हे नाव लावून वर्ग काढू शकतो, हे शहरात शिकायला जाणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी ध्यानात ठेवावे आणि शिकवणाऱ्याचे शिक्षण काय, हे आधी विचारावे.

इथे कोणी म्हणेल, 'परदेशी माणसाचे कौतुक कशाला? आपल्याकडे काय कमी आहे?' प्रश्न रास्त आहे. आपल्या शेजारच्या अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीत जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून आले. म्हणजे पिलाटेस जर्मनी सोडून अमेरिकेत स्थिरावला असताना वऱ्हाडातील तरुण त्याच्या मायदेशी आपली विद्या दाखवत होते! औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला, आपल्या संस्थानातील शाळांत तो नेला आणि १९३८ साली लंडनहून त्यावर इंग्रजी पुस्तकही निघाले. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापून योगाची शास्त्रीय तपासणी सुरू केली. वारसा मोठाच आहे.

पण वारसा असणे आणि तो वापरात असणे यांत अंतर असते. सूर्यनमस्कार हा पूर्ण व्यायाम आहे, त्याबद्दल माझे दुमत नाही. मात्र ज्या बाईची कंबर सोंगणीने धरली आहे, जिचे बाळंतपण होऊन चार महिने झाले आहेत, किंवा ज्या गुरुजींना बुटाची लेस बांधताना कळ येते, त्यांना पहिल्याच दिवशी बारा नमस्कार घाला म्हणणे हा उपचार नव्हे, शिक्षा आहे. पूर्ण वाकणे, पूर्ण ताणणे त्यांना झेपत नाही. मग ते दोन दिवसांत सोडून देतात. अशांना पिलाटेस उपयोगी पडते, कारण त्याची सुरुवात आडवे पडून, गुडघे दुमडून, अगदी लहान हालचालीने होते. ते जमू लागले की सूर्यनमस्कार आहेतच. दोन्हींत भांडण लावण्याचे कारण नाही.

यातील मुख्य कल्पना साधी आहे. पोटाच्या भिंतीत सर्वात आत एक आडवा स्नायू असतो. तो पट्ट्यासारखा कंबरेभोवती वेढलेला असतो. वर श्वासाचा पडदा, खाली ओटीपोटाचा तळ, मागे कण्यालगतचे बारीक स्नायू आणि पुढे हा पट्टा, अशी ती पेटी आहे. आपण हात उचलण्याआधी क्षणभर हा पट्टा आपोआप आवळला जातो आणि कणा सावरतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांना १९९६ साली असे आढळले की कंबरदुखीच्या रुग्णांत हा स्नायू जागा व्हायला उशीर होतो. यावर पुढे तज्ज्ञांत वाद झाले आणि एकच स्नायू दोषी धरणे चूक, असे आज मानले जाते. पण पोट, कंबर आणि श्वास यांचा मेळ घालून सावकाश हालचाल केल्याने पाठीला बळ मिळते, हा अनुभव टिकला आहे.

करून पाहायचे असेल त्याने जमिनीवर जाड सतरंजी अंथरावी. गादीवर किंवा खाटेवर हे करू नये, अंग रुतते. उताणे झोपावे, गुडघे दुमडून तळपाय जमिनीवर ठेवावेत. एक हात बेंबीखाली ठेवावा. नाकाने श्वास घेताना बरगड्या बाजूला फुलू द्याव्यात. तोंडाने सावकाश सोडताना पायजम्याची नाडी बोटभर आवळावी तसे बेंबीखालचे पोट अलगद आत घ्यावे. जोर लावायचा नाही, श्वास कोंडायचा नाही. असे आठ-दहा वेळा. पुष्कळांना पहिल्या आठवड्यात एवढेच जमते आणि तेवढे पुरे आहे. मग पोट तसेच आत ठेवून एक पाय गुडघ्यात दुमडलेलाच जमिनीवरून उचलावा, खाली ठेवावा, नंतर दुसरा. पाठ जमिनीवरून वर उचलली जाऊ नये, हीच परीक्षा. त्यानंतर श्वास सोडत कुल्ले वर उचलावेत आणि उतरताना पाठीचा एकेक मणका टेकवत खाली यावे. उतरताना घाई केली तर अर्धा फायदा गेला.

पुढे रांगण्याच्या स्थितीत, हात-गुडघे टेकून, एका बाजूचा हात व विरुद्ध बाजूचा पाय सरळ लांबवावा आणि पाठीवर पाण्याचा गडू ठेवला आहे, तो सांडू नये, अशी कल्पना करावी. शेवटी पालथे झोपून, कपाळ जमिनीवरून अगदी चार बोटे उचलून, खांदे मागे घ्यावेत. दिवसभर पुढे वाकणाऱ्यांसाठी हा शेवटचा व्यायाम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यांच्या दिवसात ही एकच दिशा कुठे येत नाही. प्रत्येक प्रकार सहा ते आठ वेळा केला तरी दहा-बारा मिनिटांत सर्व आटोपते.

आता वेळेचा प्रश्न. व्यायाम एका दमात किमान दहा मिनिटे झाला तरच तो मोजावा, असे पूर्वी जागतिक आरोग्य संघटना सांगत असे. २०२० साली तिने ही अट काढून टाकली. आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम, असा आजचा सल्ला आहे. ती मिनिटे तुकड्यातुकड्यांनी जमा केली तरी चालतात. कुकरच्या तीन शिट्ट्या होईतो ओट्याला हात टेकून टाचा वर-खाली करता येतात. एसटीची वाट पाहताना पोट आत घेऊन श्वास सोडता येतो आणि शेजारच्या प्रवाशाला पत्ताही लागत नाही. दुकानदाराने गिऱ्हाईक आले की बसल्या जागेवरून नोकराला हाक मारण्याऐवजी स्वतः उठून ठाण काढावे. मोटारसायकलवर तासभर जायचे असेल तर मध्ये एकदा उतरून कंबरेवर हात ठेवून मागे वाकावे. आषाढी वारी करून श्री गजानन महाराजांची पालखी परतते, तेव्हा खामगाव ते शेगाव या शेवटच्या टप्प्यात हजारो लोक तिच्यासोबत पायी चालतात. पायात बळ आहे, मनात श्रद्धा आहे. पण वर्षभर न चाललेला माणूस एका दिवसात एवढे चालला की दुसऱ्या दिवशी गुडघ्याला तेल चोळत बसतो. रोज थोडे चालले असते तर तेल वाचले असते.

मी मुद्दाम ज्या गोष्टीकडे येतो आहे तिच्याविषयी वर्तमानपत्रांत फारसे लिहिले जात नाही. दोन-तीन बाळंतपणे झालेल्या अनेक बायकांना खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना लघवी सुटते. त्या कोणाला सांगत नाहीत. लग्नाला जात नाहीत, लांबच्या प्रवासात पाणी पीत नाहीत, 'वयच झाले' म्हणून गप्प बसतात. कित्येकदा वय चाळिशीचेही नसते! हा ओटीपोटाच्या तळाचा स्नायू सैल पडल्याचा परिणाम आहे आणि पुष्कळ जणींत तो व्यायामाने सुधारतो. लघवी मध्येच रोखताना जो भाग आवळला जातो, तोच भाग बसल्या जागी आवळावा, पाच-सहा सेकंद धरावा, तेवढाच वेळ सैल सोडावा. एका वेळी किमान आठदा, दिवसातून तीनदा आणि सलग तीन महिने तरी. खरोखर लघवी करताना मात्र हा सराव करू नये. पिलाटेसमध्ये श्वास सोडताना हाच तळ वर ओढायला शिकवतात. तीन महिन्यांत फरक पडला नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही. आणि घरातील पुरुषांनी हा परिच्छेद वाचून पान दुमडून ठेवू नये, ते घरात दिसेल असे उघडे ठेवावे.

या व्यायामाचा गवगवा जितका होतो तितके सगळे खरे नाही, हेही सांगितले पाहिजे. कंबरदुखीवर पिलाटेसचा उपयोग तपासणारा एक मोठा आढावा २०१५ साली 'कॉक्रेन' संस्थेने प्रसिद्ध केला. त्यात १० प्रयोग आणि ५१० रुग्ण होते. काहीच न करण्यापेक्षा किंवा नाममात्र उपचारापेक्षा पिलाटेसने वेदना कमी होतात, असे दिसले. पण इतर व्यायामांपेक्षा ते श्रेष्ठ असल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. म्हणजे ज्याला योगासने नीट जमतात त्याने ती सोडून याच्या मागे लागण्याचे कारण नाही. वजन भराभर उतरवणे किंवा केवळ यावर साखर आटोक्यात आणणे हे होणार नाही. त्यासाठी पायी चालणे आणि ताटात काय आहे ते पाहणे आवश्यकच आहे. रक्तदाब असलेल्यांनी श्वास कोंडू नये. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांनी पाठ गोल करून उठण्या-लोळण्याचे प्रकार टाळावेत, त्याने मणका दबू शकतो. गरोदर स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि पुढच्या महिन्यांत फार वेळ उताणे झोपून व्यायाम करू नये. हर्निया असेल, पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर थांबावे. कंबरेची कळ पायात उतरून पाय लुळा पडू लागला, बैठकीच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला तर व्यायाम, तेल, चोळणारा वैद्य यांच्यात एक दिवसही न घालवता रुग्णालय गाठावे.

साध्या कंबरदुखीत मात्र उलट वागावे. पूर्वी आठ-आठ दिवस अंथरुणावर पडून राहण्याचा सल्ला मिळत असे. आता शक्य तितके हिंडत-फिरत राहा, असे सांगतात. उठल्यासुटल्या एक्स-रे काढण्याचीही बहुतेकांना गरज नसते. चाळिशीनंतर मणक्यात थोडी झीज जवळपास प्रत्येकाच्या फोटोत दिसते आणि ती पाहून माणूस उगाच घाबरतो. 'गॅप आली' हे दोन शब्द ऐकल्यावर हयातभर वाकायला भिणारे लोक आपल्या आजूबाजूला कमी नाहीत.

सरकार व नगरपालिकांबद्दलही दोन शब्द. अलीकडच्या वर्षांत गावोगावी खुल्या व्यायामशाळा उभ्या राहिल्या. बागेच्या कोपऱ्यात लोखंडी यंत्रे आली, उद्घाटने झाली, फलक लागले. ती वापरावी कशी, हे शिकवायला मात्र कोणी नाही. लहान मुले त्यांचा झोका करतात, आणि रस्त्यावरून येणारे-जाणारे पाहत असताना कोणती सून तिथे व्यायाम करायला जाईल? घरात तरी कुठे जाईल? दोन खोल्यांत सहा माणसे, दार लावून दहा मिनिटे आडवे व्हायचे म्हटले तर 'बरे नाही का?' अशी विचारणा होते. बाईला वेळ नसतो असे आपण म्हणतो. खरे तर तिला जागाही नसते.

त्याला लागणारी सोय फार मोठी नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेचा एक वर्ग, शाळा सुटल्यावर अर्धा तास, दाराला कडी, दहा-पंधरा सतरंज्या आणि शिकवणारी एक बाई. आपल्याकडे शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेल्या मुली नोकरीची वाट पाहत घरी बसल्या आहेत. त्यांना थोडे जादा प्रशिक्षण व मानधन देता येईल. बचत गटाची बैठक महिन्याला होतेच, तिथून सुरुवात करता येईल. आशाताई घरोघरी जातात, कोणाची कंबर धरली आहे हे त्यांना सर्वांत आधी कळते. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. ती बऱ्याच ठिकाणी सह्या गोळा करून कागदावरच उरकली जाते. पुढच्या वेळी ती प्रत्यक्ष भरवावी आणि रस्ता, नाली, पाणी यांच्या जोडीला शाळेच्या त्या एका वर्गाचा व अर्ध्या तासाचा ठराव तिथे मांडावा.